हजार दिवसांची वाट

रात्री दीड वाजता तुम्ही काय करत असता? झोपलेले असता, दुसरं काय! सकाळी आई तीनदा हाका मारते तेव्हा कुठे एक पाय पलंगाखाली येतो.

जपानमध्ये हिएइ नावाचा एक डोंगर आहे. तिथे एक मोठं कठीण व्रत घेतलेला भिक्षू असतो, त्याचा दिवस याच वेळी सुरू होतो. तो प्रार्थना करतो, पांढरे कपडे चढवतो, गवताच्या विणलेल्या चपला पायांत बांधतो आणि कंदील घेऊन एकटाच रानात शिरतो. तीस किलोमीटर चालून सकाळी परत येतो. मग मठातली कामं, पूजा, साधं शाकाहारी जेवण, थोडी झोप. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पाऊस आला, ताप आला, पाय सुजला तरी सुट्टी नाही हं!

चला तर, आज या डोंगरावर चक्कर मारून येऊ.

क्योटो ही जपानची जुनी राजधानी. तिच्या ईशान्येला हिएइ उभा आहे. उंची ८४८ मीटर, म्हणजे आपल्या रायगडाहून थोडीशीच जास्त. डोंगराच्या एका अंगाला क्योटो शहर आणि दुसऱ्या अंगाला बिवा सरोवर, जपानमधलं सर्वांत मोठं. तुम्ही कधी गेलात तर सरोवराकडच्या साकामोतो गावातून वर चढा. तिथे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे, १९२७ सालापासूनची. दोन किलोमीटरांचा चढ ती अकरा मिनिटांत चढते. खिडकीतून खाली सरोवराचं पाणी दिसतं आणि दोन्ही बाजूंना आपल्या देवदारासारखी सरळसोट झाडं.

वर गेल्यावर एकच देऊळ शोधू नका. एन्र्याकुजी हा मठ म्हणजे सगळा डोंगरच! साइचो नावाच्या भिक्षूने ७८८ साली इथे एक छोटंसं देऊळ बांधलं. पुढे रानात ठिकठिकाणी देवळं, मठ, पाठशाळा उभ्या राहिल्या. १५७१ साली ओदा नोबुनागा या सरदाराने सगळा डोंगर जाळला, माणसांची कत्तल केली. आज दिसतं ते बहुतेक सगळं त्यानंतर पुन्हा बांधलेलं.

मुख्य देवळात मात्र जरूर थोडा वेळ बसा. आत अंधार असतो आणि गाभाऱ्याची जमीन आपण बसतो त्यापेक्षा खूप खाली, जवळजवळ तीन मीटर. असं का बरं? तर देव आणि समोर बसलेला माणूस एकाच उंचीवर यावेत म्हणून! तिथे तीन दिवे तेवत असतात. पहिला दिवा साइचोने लावला, अशी श्रद्धा आहे. आगीत तो विझला, पण त्याचीच ज्योत पूर्वी उत्तरेकडच्या यामादेरा या देवळात नेलेली होती. तिथून ती परत आणली. भिक्षू त्यात सकाळ-संध्याकाळ तेल घालतात.

आता आपल्या चालणाऱ्या भिक्षूकडे वळू. या व्रताचं नाव काइहोग्यो. डोंगराला प्रदक्षिणा घालत चालायची साधना. नवव्या शतकात सोओ नावाच्या भिक्षूपासून ती सुरू झाली असं मानतात. व्रत सात वर्षांचं. पहिली तीन वर्षं दरवर्षी शंभर दिवस आणि पुढची दोन वर्षं दरवर्षी दोनशे दिवस, रोज तीस किलोमीटर. सहाव्या वर्षी शंभर दिवस, रोज साठ किलोमीटर. सातव्या वर्षी शंभर दिवस, रोज चौऱ्याऐंशी किलोमीटर, आणि मग शेवटचा टप्पा पुन्हा तीसचा. वही घेऊन बेरीज करा पाहू. अडतीस हजारांच्या आसपास येते की नाही? पृथ्वीला एक प्रदक्षिणा म्हणजे चाळीस हजार!

आता तुम्ही म्हणाल, हा तर धावपटूच झाला. परदेशी लोक त्यांना ‘मॅरेथॉन भिक्षू’च म्हणतात. मला ते नाव काही पटत नाही. कारण वाटेवर दोनशे साठच्या आसपास ठिकाणं अशी आहेत की तिथे त्याला थांबावंच लागतं. देऊळ, मूर्ती, झरा, शिळा, एखादं म्हातारं झाड. प्रत्येकापुढे हात जोडायचे, मंत्र म्हणायचा, मग पुढे. सद्धर्मपुंडरीक या बौद्ध ग्रंथात एक बोधिसत्त्व आहे. तो भेटेल त्याला वाकून नमस्कार करायचा, कारण हा माणूस पुढे बुद्ध होणार! लोक चिडायचे, दगड मारायचे, तरी हा दुरून वाकायचाच. हिएइचे भिक्षू त्याचाच कित्ता गिरवतात. सगळ्या वाटेत बसायची जागा एकच. एका मोठ्या झाडाखालचा दगड, तिथे दोन मिनिटं. आपल्याकडे पंढरीची वाट चालणाऱ्यांना हे चटकन कळेल. फक्त वारकऱ्याच्या सोबतीला हजारो माणसं असतात, हा अंधारात एकटा.

आणि गंमत पाहा! त्याचा देव आहे फुदो, म्हणजे न हलणारा. मूळ संस्कृत नाव अचल. भारतातून चीन, चीनमधून जपान असा प्रवास करत हा देव तिकडे गेला. सात वर्षं चालणाऱ्याचा देव अचल! त्याचा मंत्रही संस्कृतच, फक्त उच्चार जपानी.

सातशे दिवस झाले की सर्वांत कठीण परीक्षा येते. नऊ दिवस देवळात कोंडून घ्यायचं. अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, आडवं होणंही नाही. (तासांचा हिशोब केला तर हे साडेसात दिवस भरतात.) शेजारी दोन भिक्षू बसलेले असतात, डोळा लागू नये म्हणून. तो मंत्र जपत राहतो आणि रोज रात्री एकदा उठून विहिरीवर जातो, देवासाठी पाणी आणायला. विहीर दोनशे मीटरवर. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत जाऊन येतो, शेवटी शेवटी त्यालाच तास लागतो. हातात पाण्याची भांडी आणि त्यातला थेंबही आपल्यासाठी नाही. यातून गेलेल्यांनी सांगितलंय की, उदबत्तीची राख पडल्याचा आवाजही ऐकू यायला लागतो. (हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही बरं का! त्यांची सात-सातशे दिवसांची तयारी असते, आणि तरी जीव धोक्यात असतो. पांढरा रंग जपानमध्ये प्रेताच्या कपड्यांचा. तो वेष तो पहिल्या दिवसापासून उगाच घालत नाही.)

मला विचाराल तर या उपासापेक्षा ते दोनशे साठ वेळा थांबणंच जास्त अवघड. उपास नऊ दिवसांत सुटतो. पाय ठणकताहेत, पाऊस लागलाय, बघायला कुणी नाही, आणि तरी एका झाडापुढे नीट हात जोडायचे, हे शेकडो रात्री कसं जमत असेल?

पहिले सातशे दिवस चालणं स्वतःसाठी असतं, नंतरचं लोकांसाठी. सातव्या वर्षी तो डोंगर उतरून क्योटो शहरात येतो. रस्त्याच्या कडेला माणसं गुडघे टेकून, माना खाली घालून बसलेली असतात. म्हाताऱ्या आजी, ऑफिसला निघालेली माणसं, लहान मुलं. तो थांबतो आणि प्रत्येकाच्या डोक्याला जपमाळ लावून पुढे जातो. चौऱ्याऐंशी किलोमीटर पुरे करून झोपायला फार थोडा वेळ उरतो, तरी कुणाला चुकवत नाही.

१८८५ पासून आजवर जेमतेम पन्नासेक भिक्षूंनी हे हजार दिवस पूर्ण केले. त्यातले एक युसाइ साकाइ. हे काही लहानपणापासूनचे साधू नव्हेत. शाळेत मागे पडलेले, युद्धानंतर हा उद्योग कर, तो कर असं करत चाळिशीच्या सुमाराला मठात आलेले. १९८० मध्ये त्यांचं व्रत पुरं झालं. आता विश्रांती घ्यायची ना! पण काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा गवती चपला बांधल्या आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. १९८७ मध्ये दुसरं व्रत पूर्ण झालं तेव्हा ते साठ वर्षांचे होते. २०१३ साली ते वारले.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. प्रत्यक्षात चालतात ते ९७५ दिवस. शेवटच्या शंभरातले २५ मुद्दाम शिल्लक ठेवतात, उरलेल्या आयुष्यात चालण्यासाठी.