काळी तबकडी आणि तिकिटांचा काळाबाजार

कोल्डप्लेच्या तिकिटांवरून आपल्याकडे झालेला गोंधळ आठवत असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू झाली, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची तिकिटं बघता बघता संपली आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसरीकडे लाखांत विकायला दिसू लागली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. कायदा करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम, असं न्यायालयाचं म्हणणं. ते करायला सरकारला कुणी अडवलेलं नाही. असो.

त्या वेळी "कलाकारच लबाड, त्यांना पैसा हवाच असतो" अशा कमेंटी खूप आल्या. मला दरवेळी माझ्या कपाटातला एक खण आठवायचा. तिथे पर्ल जॅम या अमेरिकन बँडच्या चौदा रेकॉर्ड उभ्या आहेत. (रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या. आडव्या रचल्या की वाकतात.) सिएटलचा हा बँड, १९९१ साली 'टेन' या पहिल्या अल्बमनं जगभर गेला. १९९३ चा 'व्हर्सेस' पहिल्या पाच दिवसांत साडेनऊ लाखांच्या आसपास खपला. म्हणजे पैसा कमवायला याहून सोयीची वेळ नव्हती. नेमक्या त्याच वेळी या लोकांनी ठरवलं की आपल्या कार्यक्रमाचं तिकीट २० डॉलरच्या आत राहिलं पाहिजे. तिकीट १८ डॉलर, त्यावर सेवाशुल्क एक डॉलर ऐंशी सेंट, बस.

तिकीटमास्टर ही तिकिटं विकणारी कंपनी याला तयार होईना. आणि तिला टाळून जायचं तर जायचं कुठे? मोठ्या स्टेडियमशी आणि सभागृहांशी तिचे एकट्याचे करार होते. मे १९९४ मध्ये बँडनं अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली, उन्हाळ्यातला दौरा रद्द केला. ३० जून १९९४ रोजी गिटारवादक स्टोन गॉसार्ड आणि बेसवादक जेफ अॅमेंट संसदेच्या उपसमितीसमोर साक्षीला बसले. पुढच्या वर्षी तिकीटमास्टरला वगळून दौरा करायचा प्रयत्न झाला. सुरुवात कुठून, तर वायोमिंगमधल्या कॅस्पर नावाच्या गावातून! मोठी ठिकाणं मिळणारच नव्हती. जुलै १९९५ मध्ये न्याय विभागानं चौकशी बंद केली, कारवाई काहीच नाही. १९९८ पर्यंत बँड पुन्हा त्याच कंपनीच्या तिकिटांवर वाजवत होता. हरले, सरळ हरले.

आता रेकॉर्डचा संबंध. हे भांडण ऐन रंगात असताना, २२ नोव्हेंबर १९९४ ला त्यांचा 'व्हायटॉलॉजी' आला, आणि आधी फक्त एल.पी.वर आला. सीडी आणि कॅसेट दोन आठवड्यांनी. १९९४ म्हणजे दुकानदार रेकॉर्डचे खण काढून तिथे सीडीचे स्टँड लावत होते तो काळ. तरी पहिल्या आठवड्यात ३४ हजार रेकॉर्ड खपल्या. हा विक्रम मोडायला २०१४ साल उजाडावं लागलं. त्याच अल्बमवर काळ्या तबकडीच्या प्रेमात पडलेलं एक धडाकेबाज गाणं आहे, 'स्पिन द ब्लॅक सर्कल'. त्याला ग्रॅमीही मिळालं.

माझ्याकडची प्रत मूळ नाही, २०११ च्या पुनर्मुद्रणाची आहे. मूळ प्रतीच्या मागे मी लागलो नाही. सुई दोन्हीवर फिरते. परदेशातून मागवायची तर पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरून आकडा असा होतो, की घरात सांगताना दोन भागांत सांगावा लागतो.

माझी सगळ्यात लाडकी मात्र सात इंची छोटी रेकॉर्ड आहे, 'लास्ट किस'. या बँडची एक रीत होती. फॅन क्लबच्या सभासदांना नाताळच्या सुमारास एक सिंगल भेट जायची, दुकानात मिळायची नाही. १९९८ साली साउंडचेकच्या वेळी रेकॉर्ड केलेलं एक जुनं गाणं असंच पाठवलं. रेडिओवाल्यांनी ते उचललं, लोक मागायला लागले, शेवटी १९९९ मध्ये बाजारात आणावं लागलं. ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं, बँडचं आजवरचं सर्वांत वरचं गाणं. पैसे कोसोवोच्या निर्वासितांच्या मदतीला गेले. फुकट वाटलेली तबकडी सर्वांत जास्त गाजावी, याचा मला अजूनही आनंद होतो.

पण आता जे चाललंय त्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे नुसतं भक्तीगीत होईल. रेकॉर्ड परत आल्या. २०२२ साली अमेरिकेत रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच. आणि त्याबरोबर नवा धंदा आला. एकच अल्बम निळा, लाल, धुरकट, ठिपक्यांचा, प्रत्येक रंग 'मर्यादित'. गाणी तीच, साचा तोच, साच्यात घालायचं प्लास्टिक तेवढं वेगळं. पर्ल जॅमचा २०२४ चा 'डार्क मॅटर' असाच कितीतरी रंगांत निघाला. लोक सगळे रंग घेतात, सील न फोडता ठेवतात आणि काही महिन्यांनी दुपटीनं विकायला काढतात. स्टेडियमबाहेर उभा राहून तिकीट विकणारा आणि हे, यात मला फरक दिसत नाही. बँडनं तर अलीकडच्या दौऱ्यांत काही तिकिटं 'प्रीमियम' म्हणून बाजारभावानं विकली. १८ डॉलरचा हट्ट धरणारे हेच का, असा प्रश्न मलाही पडतो. हरलेल्या माणसानं तीस वर्षांनी बाजाराशी जमवून घेतलं, हे समजू शकतं. आवडत मात्र नाही.

दरम्यान तिकीटमास्टर २०१० साली लाइव्ह नेशनमध्ये विलीन झाली. म्हणजे कार्यक्रम भरवणारेही तेच आणि तिकीट विकणारेही तेच. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. त्या दोघांनी समितीसमोर साक्ष दिली त्याला तेव्हा तीस वर्षं होत आली होती. आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. आमदार-खासदारांना लग्नाची आमंत्रणं देताना एखाद्यानं हाही विषय काढावा.

माझा नियम साधा आहे. जी रेकॉर्ड वाजवणार ती घ्यायची, एका अल्बमची एकच प्रत, आणि सील पहिल्याच दिवशी फोडायचं. 'नो कोड' अजून मिळायचाय. जुन्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर दिसला तर कळवा. कव्हर फाटलेलं चालेल, ओरखडे फार नकोत.