सल्ला नंतर, सवाल आधी

आपल्या घरांत मशवरा भरपूर होतो. मुलीचं स्थळ असो, जमिनीचा तुकडा असो की आखातात जाण्याचा बेत असो, वडीलधारे बैठकीत जमतात, चहा फिरतो आणि प्रत्येक जण आपलं मत सांगून मोकळा होतो. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो, तो मात्र दाराशी उभा राहून ऐकत असतो.

आमच्या घरात ही रीत थोरल्या भाभींनी बदलली. त्या शाळेत शिकवतात. तिथल्या एका प्रशिक्षणात त्यांना ‘कोचिंग’ची पद्धत समजली. कोचिंग म्हणजे इथे शिकवणीचा वर्ग नव्हे. टिमोथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाने १९७४ साली एका पुस्तकात सांगितलं, की खेळाडूवर सूचनांचा मारा करण्यापेक्षा त्याला चेंडूकडे नीट पाहायला लावावं. तो आपोआप सुधारतो. पुढे इंग्लंडच्या जॉन व्हिटमोर यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकातून चार पायऱ्यांची पद्धत लोकांपर्यंत पोहोचवली: काय मिळवायचं आहे, आज परिस्थिती काय आहे, कोणकोणते मार्ग आहेत आणि नक्की काय करणार.

या पद्धतीचा कस लागला तो आमच्या धाकट्याच्या वेळी. वय २३, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. एका एजंटाचा निरोप आला, ‘व्हिसा तयार आहे, चार दिवसांत १ लाख ४० हजार भरा.’ अम्मींनी गहाण ठेवण्यासाठी बांगड्या काढून ठेवल्या. अब्बा म्हणाले, जाऊ दे. आम्हा भावंडांत दोन तट पडले.

भाभींनी अट घातली. एक तास कुणीही सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. आणि तेही ‘का’ने सुरुवात न करता. ‘का जातोस?’ म्हटलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘जाऊन काय मिळवायचं आहे?’ म्हटलं की विचार करू लागतो.

धाकटा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान काढायचं आहे. त्यासाठी पैसे हवेत.” ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती!

नंतर एका कागदावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला ‘माहीत आहे’, दुसऱ्या बाजूला ‘धरून चाललो आहोत’. पहिल्या बाजूला पासपोर्ट, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि मागितलेली रक्कम, एवढंच आलं. दुसरी बाजू मात्र भरत गेली. काम इलेक्ट्रिशियनचंच असेल. सांगितलेला पगार पूर्ण हातात पडेल. एजंट ओळखीचा आहे, म्हणजे परवाना असणारच. ही संधी पुन्हा येणार नाही.

प्रत्येक ओळीपुढे एकच सवाल ठेवला: हे तपासायचं कसं? धाकट्याने स्वतःच केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहिली. त्यात हे नाव नव्हतं. नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. व्हिसाची प्रत मागवली, तर तो भेटीचा व्हिसा निघाला. त्यावर नोकरी करणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे.

मग मार्गांची यादी झाली. नोंदणीकृत एजंटामार्फत अर्ज, लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी, मुंबईत काम, किंवा तालुक्यातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात वर्षभर हात बसवणं. धाकट्याने शेवटचा मार्ग निवडला. आखाताचा विचार वर्षाने पुन्हा करायचा, असंही लिहून ठेवलं. निर्णय त्याचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता तो दुकानावर गेला.

अब्बा कागद बराच वेळ पाहत होते. म्हणाले, “मी १९८३ ला गेलो. सगळे जात होते, म्हणून गेलो. काय मिळवायचंय, हे कुणी विचारलंच नाही.”

या पद्धतीत एक पथ्य फार महत्त्वाचं आहे. सवालाच्या आड सल्ला लपवू नये. ‘तुला नाही वाटत, इथेच राहावं?’ हा सवाल नव्हे, हुकूम आहे. आपल्याला न पटणारं उत्तर ऐकण्याची तयारी असेल, तरच विचारावं. आणि समोर उघड धोका दिसत असेल, तर सवाल बाजूला ठेवून स्पष्ट सांगावं. तेही वडीलधाऱ्यांचं कामच आहे.

वडीलधाऱ्यांच्या अनुभवाची किंमत यात कमी होत नाही. उलट, ज्याला त्याची गरज आहे तो स्वतः येऊन मागू लागतो. हल्ली धाकटा रात्री जेवताना अब्बांना विचारतो, “तिथे पहिला पगार हातात यायला किती दिवस लागले होते?” आणि अब्बा सविस्तर सांगतात.