कुणाच्या घरी पाहिलं?

‘रमाबाई म्हणजे गोनीदांची नात.’

चिठ्ठीवर एवढंच. कोजागिरीला मुलुंड पूर्वेच्या आमच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत हा खेळ चालतो. टीव्हीवरचा जुना कार्यक्रम ओळखायचा. चिठ्ठीत मुख्य नटाचं नाव चालत नाही, गोष्ट सांगायची नाही, शीर्षकगीत गुणगुणलं की बाद. एक खूण द्यायची, बस्स. वरच्या चिठ्ठीचं उत्तर ‘स्वामी’. रणजित देसाईंची कादंबरी, दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं, माधवराव झाले होते रवींद्र मंकणी आणि रमाबाई मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी. गो. नी. दांडेकर त्यांचे आजोबा. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दुधाच्या पातेल्यावरची नजरही न हलवता उत्तर दिलं.

खेळाचा दुसरा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. नुसतं नाव सांगितलं तर अर्धा गुण. उरलेला अर्धा ‘कुणाच्या घरी पाहिलं?’ याच्या उत्तराला. सुरुवातीच्या वर्षांत सबंध इमारतीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. त्यामुळे प्रत्येक उत्तरासोबत एक घर येतं. नवघर रोडला, घरमालकांकडे, उंबऱ्यात बसून. घाटकोपरला पंतनगरच्या कॉलनीत, मामाकडे. बोरिवलीला बाभईत, मैत्रिणीच्या आजोळी. अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी, खिडकीच्या गजांतून. खिडकीतून पाहिलेल्यांनाही पूर्ण गुण.

गेली काही वर्षं या चिठ्ठ्या मी जपून ठेवते. त्यांतल्या काही इथे देते.

‘सगळे वरळीकडे तोंड करून.’

याचं उत्तर एक कार्यक्रम नाही, सगळेच आहेत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. मनोरा वरळीला, म्हणून बोरिवलीच्या गच्च्यांवरचे अँटेना दक्षिणेकडे आणि मुलुंड-घाटकोपरचे नैर्ऋत्येकडे वळलेले. लोखंडी पाइपाला बांधलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, तिथून निघालेली चपटी, दोन तारांची वायर, कठड्यावरून खाली सोडून खिडकीतून आत घेतलेली. कावळा बसला की चित्र हलायचं. वाऱ्याने पाइप फिरला की नुसत्या मुंग्या. मग एक जण गच्चीवर, एक गॅलरीत आणि एक टीव्हीसमोर.

‘आलं?’

‘आलं का?’

‘थोडं अजून... अजून... गेलं! मागे घे, मागे!’

गॅलरीतल्याला अँटेनाही दिसायचा नाही आणि चित्रही. त्याने फक्त खालचा निरोप वर द्यायचा. आमच्याकडे ते काम माझं होतं आणि नुसत्या निरोपांवरून आत काय लागलंय ते मला कळायला लागलं. ‘बाई दिसतेय, पण दोन-दोन दिसतायत’ म्हणजे बातम्या. ‘शेत आलं’ म्हणजे ‘आमची माती आमची माणसं’. ‘एक लुकडा आहे, दुसरा जाडा वाटतोय’ असं ऐकलं की मी गॅलरी सोडून धावत सुटायचे. गच्चीवरचा भाऊ ओरडत राहायचा.

तो लुकडा आणि तो जाडा यांच्यासाठी आजींनी एकदा चिठ्ठी लिहिली होती, ‘लेखक बडोद्याला पाली शिकवायचे.’ चिं. वि. जोशी, आणि कार्यक्रम ‘चिमणराव’. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. टीव्ही कृष्णधवल होता. पात्रांच्या अंगावरचे रंग आम्ही आपापसांत ठरवून टाकले होते आणि ते अजून प्रत्येकाचे वेगळे निघतात. गुंड्याभाऊचा कोट मला तपकिरी आठवतो, भावाला काळा. त्याच चिठ्ठीच्या मागे दुसऱ्या कुणीतरी पुढच्या वर्षी लिहिलं, ‘चिमणराव आजोबा झाले.’ हे तरुण मंडळींनी झटकन ओळखलं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, २००१, अल्फा मराठी, दिग्दर्शक केदार शिंदे. मधल्या वीस-बावीस वर्षांत कृष्णधवलचा रंगीत झाला, एका वाहिनीच्या अनेक झाल्या, आणि आजोबांच्या भूमिकेत तोच नट आमच्या घरात परत आला.

‘मावा, तुडतुडे, करपा.’

पुन्हा ‘आमची माती आमची माणसं’. हा कार्यक्रम शेतकऱ्यांचा, पण वाहिनी एकच असल्यामुळे तो आम्हीही पाहायचो. ज्यांच्या घरात तुळशीशिवाय कुंडी नव्हती अशा उपनगरी मुलांना पिकांवरच्या किडी-रोगांची नावं पाठ होती. औषध किती लिटर पाण्यात किती मिसळायचं तेही. मला तो कार्यक्रम फार आवडायचा. गावाहून आलेले आमचे काका शेजारी बसून टीव्हीतल्या माणसाला मधूनच ‘बरोबर’ म्हणायचे.

पोस्टाचा परवाना. ही चिठ्ठी नव्हे, खरी वस्तू, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आणून दाखवली. टीव्ही ठेवायला वर्षाचं शुल्क पोस्टात भरावं लागायचं. ते १९८०च्या दशकाच्या मध्यात बंद झालं. पुस्तकावर शिक्के आहेत.

‘खूण देऊन शब्द ओळखायचा, तो कार्यक्रम ओळखा.’

‘व्हॉट्स द गुड वर्ड’. साबिरा मर्चंट. जोडीतल्या एकाला शब्द माहीत, त्याने दुसऱ्याला एकेका शब्दाची खूण द्यायची. मराठी शाळेतल्या आम्हा मुलींना त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी साबिराबाईंचा आवाज आणि स्पर्धकाचा अडकलेला चेहरा बघायला आम्ही बसायचो. उत्तर सापडायच्या आधीची ती दोन क्षणांची धडपड कुठल्याही भाषेत सारखीच दिसते. आमच्या गच्चीवरचा खेळ मला त्याच घरातला वाटतो.

‘संताकूकडी’ आणि ‘आवो मारी साथे’ या चिठ्ठ्या शेजारच्या इमारतीतल्या गुजराती मावशी घालतात. मुलुंड आणि घाटकोपर म्हणजे मराठी-गुजराती जिन्याला जिना लागून. मुंबई केंद्रावर गुजराती कार्यक्रम लागायचे तेव्हा मराठी घरंही टीव्ही बंद करत नसत. बंद करून बघणार काय? एक वाहिनी असण्याचं हे देणं होतं. दुसऱ्याचा विनोद ऐकत बसावं लागायचं आणि बसता बसता तो कळायला लागायचा. ‘संताकूकडी’ची चिठ्ठी दर वेळी कुणी ना कुणी मराठीच ओळखतो, आणि मावशींचा चेहरा खुलतो.

‘काठापदराची साडी, आत जीन्स.’

बातम्या. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, जीन्सवरच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, असं सांगतात. टेबलाखालचं प्रेक्षकाला कुठून दिसणार? पण नंतर कळलेली ही गोष्ट आता इतकी पक्की झाली आहे की ती आपण पाहिली असंच प्रत्येकाला वाटतं. भक्ती बर्वे, प्रदीप भिडे, अनंत भावे ही नावं यानंतर ओघाने येतातच, आणि बातम्यांच्या आवाजाबरोबर कुकरच्या शिट्ट्याही.

‘व्हर्टिकल होल्ड.’

ही चिठ्ठी नव्या पिढीतल्या एकालाही सुटली नाही. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असायचं. चित्र जिन्यासारखं वर वर सरकत जायला लागलं की ते फिरवून थांबवायचं. फार फिरवलं तर चित्र उलट, खाली धावायचं. शटरवाल्या लाकडी टीव्हीच्या मागे हात घालायचा तर बोटांना आतली ऊब लागायची. घरातल्या एकाच माणसाचा हात त्या बटणाला बसलेला असायचा आणि तो माणूस बाहेरगावी गेला की सगळं घर मान हलवत कार्यक्रम बघायचं. दुरुस्तीवाला यायचा त्याच्या पिशवीत सोल्डरिंगची सळई, वितळलेल्या राळेचा वास आणि एक छोटा आरसा. तो आरसा टीव्हीच्या समोर धरायला आम्हा मुलांपैकी एकाला मिळायचा, म्हणजे मागे काम करताना त्याला चित्र दिसे. आमच्या स्टेशनजवळची त्याची टपरी आता मोबाइलची कव्हरं विकते.

‘व्यत्यय.’ हा शब्द लिहिलेली पाटी. बऱ्याच जणांना कार्यक्रमापेक्षा तीच लख्ख आठवते.

‘पोस्टकार्ड महाग करणारी मालिका.’

‘सुरभि’. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. दर आठवड्याला प्रश्न आणि उत्तरं पोस्टकार्डाने. १९९३मध्ये एका आठवड्यात चौदा लाखांहून जास्त पत्रं आली होती. साधं कार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं. एवढा बोजा टपाल खात्याला परवडेना, म्हणून स्पर्धांसाठी २ रुपयांचं वेगळं कार्ड निघालं. आमच्या जिन्यात प्रत्येक घर उत्तर पाठवायचं, आणि आधी उत्तर नक्की करायला सगळे एकाच्या ओट्यावर जमायचे. एकमेकांपासून कुणी लपवत नसे. बक्षीस कुणालाच लागलं नाही आणि तरी पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा जमायचे.

‘पोलिसांचा फोन नंबर.’

‘एक शून्य शून्य’. इथे दर वेळी धाकटी मंडळी ‘सीआयडी’ म्हणून ओरडतात आणि त्यांना अर्धा गुण द्यावा असं माझं मत आहे. दोन्हींचे कर्ते बी. पी. सिंग. त्यांनी नोकरीची सुरुवात मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून केली. ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत शिवाजी साटम होते आणि १९९८ला ‘सीआयडी’ सुरू झाली तीही त्यांनाच घेऊन. देशभर गाजलेल्या त्या हिंदी मालिकेचं मूळ वरळीच्या मराठी कार्यक्रमात आहे, हे आमच्या पोरांना गच्चीवर पहिल्यांदा कळलं. त्यांनी लगेच फोनवर जुना भाग शोधायला घेतला.

‘२ ऑक्टोबर.’

एवढं भांडण दुसऱ्या कुठल्या चिठ्ठीने लावलं नाही. १९७२च्या २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र. १९८८च्या २ ऑक्टोबरला ‘महाभारत’चा पहिला भाग. १९९२च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही, मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षं झाली त्याच दिवशी. तिन्ही उत्तरं बरोबर. पण तिसरं उत्तर देणाऱ्याला ‘कुणाच्या घरी?’ विचारलं तर तो म्हणतो, ‘आपल्याच.’ केबलची काळी वायर इमारतींवरून इमारतींवर लोंबायला लागली, घरोघरी टीव्ही आला आणि शेजारी शेजारी वेगळं काही बघायला लागले. ‘आभाळमाया’ किंवा ‘वादळवाट’च्या चिठ्ठ्या म्हणूनच अवघड जातात. त्या मालिका फार जुन्या नाहीत, पण त्याच वेळी पलीकडच्या खोलीत क्रिकेट चालू होतं. १९९० नंतरच्या चिठ्ठ्यांना घराचा अर्धा गुण ठेवावा की काढावा, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. मी ठेवावा म्हणते.

‘रामायण’ची चिठ्ठी आता कुणी घालत नाही. २०२०च्या मार्चअखेर, सगळे घरात अडकलेले असताना दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं. नातवंडांना ते पाठ आहे. जे जपलं गेलं ते परत दाखवता येतं. पण सुरुवातीच्या काळात फीत महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसायची आणि तिच्यावर दुसरा घ्यायचा, असं सर्रास व्हायचं. कितीतरी कार्यक्रम असे गेले. त्यांची नावं, त्यांतला एखादा चेहरा, एखादी खुर्ची, निवेदिकेने कागद उलटल्याचा आवाज, एवढंच शिल्लक आहे आणि तेही फक्त पाहणाऱ्यांकडे. म्हणून मला ही चिठ्ठ्यांची पिशवी फेकवत नाही. काहींच्या बाबतीत त्या कार्यक्रमाचा पुरावा म्हणून तिच्याइतकंही दुसरं काही उरलेलं नसेल.

आजींची यंदाची चिठ्ठी सुटलेली नाही. ‘माझं पत्र वाचलं.’ नवीन लग्न होऊन त्या घाटकोपरला भटवाडीत राहत होत्या. कोळशाच्या शेगडीवर केक कसा करायचा ते त्यांनी दूरदर्शनला लिहून कळवलं आणि निवेदिकेने ते वाचून दाखवलं. त्यांना आठवतो तो हात आणि हातातलं निळं अंतर्देशीय. टीव्ही कृष्णधवल. निळं होतं हे पत्र लिहिणारीलाच माहीत. कार्यक्रम ‘सुंदर माझं घर’ असावा असं निम्म्या गच्चीचं म्हणणं, बाकीच्यांना ते पटत नाही, आणि आजींना निवेदिकेचं नाव आठवत नाही. पाहिलं होतं शेजारणीकडे. ती शेजारीण आता नाही. तिची मुलगी डोंबिवलीला असते, तिला फोन लावायचं ठरलं आहे. तेव्हा ती शाळेत होती आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायची.