न दिलेल्या उत्तरांचा अभ्यास

लष्करी अधिकारी आणि पत्रकार यांचा संबंध बहुधा दोनच प्रसंगी लोकांच्या नजरेस येतो : एखादी मोहीम चालू असताना होणाऱ्या पत्रकार परिषदेत, आणि अधिकारी निवृत्त होऊन आठवणी लिहू लागतो तेव्हा. या दोहोंच्या मधला जो दीर्घ काळ असतो, ज्यात अधिकारी शिकतो, शिकवतो, प्रबंध लिहितो आणि आपल्याच संस्थेच्या चुका तपासतो, त्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष क्वचितच जाते. पुण्यात ही उणीव अधिक जाणवते. कारण दक्षिण कमांडचे मुख्यालय, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय या संस्था एकाच शहराच्या परिघात असूनही पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला कॅम्पातला लष्करी भाग म्हणजे फाटक, पहारेकरी आणि ‘छायाचित्रणास मनाई’ अशी पाटी एवढाच ठाऊक असतो. प्रस्तुत लेखिकेने पुण्यात पत्रकारितेचे शिक्षण घेत असताना तीन अधिकाऱ्यांशी वर्गात दोन सत्रांत झालेल्या संवादात भाग घेतला होता. त्यांपैकी एक सेवेत असलेले अभियंता दलातील कर्नल, दुसरे संरक्षणशास्त्रात संशोधन केलेले निवृत्त ब्रिगेडियर आणि तिसऱ्या लष्करी डॉक्टर होत्या. पुढील विवेचन त्या वेळच्या टिपणांवर आणि ती टिपणे वापरताना झालेल्या एका चुकीवर आधारलेले आहे.

पहिल्या सत्राचा आरंभ कारकिर्दीच्या रचनेने झाला. प्रबोधिनीतील तीन वर्षांनंतर छात्राला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, भूदलात जाणारा छात्र देहरादूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत आणखी एक वर्ष काढतो आणि त्यानंतर लेफ्टनंट म्हणून त्याला ‘कमिशन’, म्हणजे राष्ट्रपतींच्या वतीने दिलेले अधिकारपद, प्राप्त होते. कॅप्टन, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल ही पदे अनुक्रमे २, ६ आणि १३ वर्षांच्या सेवेनंतर, आवश्यक अटी पूर्ण केल्यास मिळतात. कर्नलपदापासून मात्र निवड मंडळाचा निर्णय लागतो, आणि तेथून वर जाणारी वाट झपाट्याने अरुंद होत जाते. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा वरिष्ठ असताना लेफ्टनंट जनरल मेजर जनरलपेक्षा वरिष्ठ कसा, हा विद्यार्थ्यांना नेहमी पडणारा प्रश्न येथेही निघाला. मेजर जनरल हे पद मुळात युरोपीय सैन्यांतील ‘सार्जंट मेजर जनरल’ या पदाचे आखूड झालेले रूप असल्याने त्यातील ‘मेजर’ हा शब्द निराळ्या कुळातला आहे, हे त्याचे उत्तर. बातमीत पद चुकणे ही मुद्रणदोषासारखी किरकोळ बाब नसून त्यामुळे बोलणाऱ्याचा अधिकारच बदलतो, एवढी गोष्ट त्यातून वर्गाच्या ध्यानात आली.

संशोधनाविषयीची चर्चा ‘ॲप्रिसिएशन’ या शब्दापासून सुरू झाली. लष्करात या शब्दाला कौतुकाचा अर्थ नाही. निर्णय घेण्यापूर्वी परिस्थितीची जी क्रमवार, लेखी छाननी केली जाते तिला हे नाव आहे. प्रथम उद्दिष्ट, मग भूभाग, शत्रू, स्वतःचे बळ, वेळ आणि अंतर यांसारखे घटक, प्रत्येक घटकाखाली त्यातून निघणारा निष्कर्ष, त्यानंतर उपलब्ध पर्याय आणि शेवटी योजना असा तिचा क्रम असतो. ज्या माहितीखाली निष्कर्ष लिहिता येत नाही ती माहिती छाननीत घ्यायचीच नाही, असा दंडक ब्रिगेडियरांनी सांगितला, तेव्हा मथळ्याशी संबंध नसलेला तपशील बातमीतून काढण्याची सवय लावून घेणाऱ्या वर्गाला तो ओळखीचा वाटला. तमिळनाडूतील वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ कॉलेजात निवडक अधिकारी मद्रास विद्यापीठाच्या पदव्युत्तर पदवीसाठी जे प्रबंध लिहितात, त्यांच्या मुळाशी हीच शिस्त असते.

मात्र शिस्त एकच असली तरी तिच्यातून निघालेल्या ज्ञानाचे भवितव्य एकसारखे नसते, आणि १९६२ च्या भारत-चीन युद्धाइतके हे अन्यत्र कोठे स्पष्ट दिसत नाही. त्या युद्धात सैनिकांना पुरेसा सराव न होता एकदम अतिउंच भागात न्यावे लागले आणि विरळ हवेमुळे अनेकांच्या फुप्फुसांत पाणी झाले. लष्करी वैद्यकीय सेवेतील इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पर्वतीय आजाराच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. सैनिकाला उंचीवर टप्प्याटप्प्याने चढवून शरीराला सवय होऊ देण्याची जी पद्धत लष्करात पाळली जाते तिच्यामागे अशाच अभ्यासांचे बळ आहे, असे डॉक्टर अधिकाऱ्यांनी सांगितले.

त्याच युद्धातील पराभवाची लष्करी चिकित्सा लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये तिचे सार संसदेपुढे ठेवले, परंतु मूळ अहवाल सरकारने कधीच प्रकाशित केला नाही. त्याचा एक भाग लोकांना वाचावयास मिळाला तो २०१४ मध्ये, नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने स्वतःजवळची प्रत उघड केल्यावर. लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात यांनी मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ नावाच्या युद्धसरावातून पूर्व सीमेवरील धोका मांडून दाखवला होता, हेही बहुतेक वाचकांना युद्धानंतर कित्येक वर्षांनी समजले. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी या युद्धावर मराठीत लिहिलेल्या ग्रंथाचे नावच ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ असे आहे. एकाच हिवाळ्यातून दोन अभ्यास निघाले; त्यांपैकी एक वैद्यकाच्या ज्ञानात जमा झाला आणि दुसरा कपाटात राहिला, हा विरोध वर्गापुढे आल्यावर चर्चेचा विषय अधिकारी काय सांगतात याऐवजी ते काय सांगत नाहीत आणि का, असा झाला.

न सांगण्याचे तीन प्रकार त्या चर्चेतून वेगळे करता आले. पहिला कायद्याचा. संविधानाच्या ३३व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत अधिकारांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९५४ च्या सेना नियमांतील २१वा नियम सेवेतील व्यक्तीला पूर्वपरवानगीशिवाय लष्करी किंवा राजकीय विषयावर वृत्तपत्रांना माहिती देण्यास अथवा व्याख्यान देण्यास मनाई करतो. शासकीय गुपिते कायदा, १९२३ हा त्याहून जुना आणि सर्वांनाच लागू. दुसरा प्रकार चालू मोहिमेचा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्याचे थेट प्रक्षेपण दहशतवाद्यांच्या सूत्रधारांनाही दिसत होते, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कठोर टीका केली, आणि २०१५ पासून केबल वाहिन्यांच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी करणारे कलम आहे. तिसरा प्रकार अडचणीचा : ज्यात शत्रूला काही कळण्याचा धोका उरलेला नसतो, फक्त चूक उघडी पडण्याचा असतो. पहिल्या दोहोंचा आदर करणे आणि तिसऱ्याचा पाठपुरावा करणे हे पत्रकाराचे काम होय. पण तिन्ही प्रकार एकाच वाक्यात, म्हणजे ‘यावर भाष्य करता येणार नाही’ या शब्दांत, बोलले जातात, ही खरी अडचण आहे. कारगिल युद्धानंतर २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत लेफ्टनंट जनरल के. के. हजारी यांच्या बरोबरीने बी. जी. व्हर्गीज हे पत्रकार सदस्य होते. त्या समितीच्या प्रकाशित अहवालातही मजकूर वगळलेला आहे, परंतु तो कोठे वगळला हे पानावर दिसते, आणि दिसणाऱ्या मौनाविषयी निदान प्रश्न तरी विचारता येतो.

या विवेचनाला जोडूनच लेखिकेच्या चुकीचा उल्लेख आवश्यक ठरतो. विभागाच्या सरावपत्रासाठी तिने पहिल्या सत्राचा वृत्तान्त लिहिला आणि लष्करी शिक्षणात इतिहासाला अधिक वेळ मिळावा, हे कर्नलांचे विधान ‘लष्कराला वाटते’ अशा मथळ्याखाली दिले. पदे आणि संस्थांची नावे तपासण्यासाठी मजकूर त्यांच्याकडे पाठवला असता त्यांनी एकही ओळ गाळावयास सांगितली नाही. फक्त मथळ्यातील ‘लष्कराला’ या शब्दाभोवती वर्तुळ काढून समासात ‘मला’ असे लिहिले. त्यांना मिळालेली परवानगी वैयक्तिक अनुभवावर बोलण्यापुरती होती. संस्थेचे मत म्हणून तेच वाक्य छापले गेले असते तर ते नियमभंगाच्या कक्षेत आले असते आणि त्याचा जाब विद्यार्थिनीला नव्हे, तर त्यांना द्यावा लागला असता. मजकुरातले शब्द जसेच्या तसे असूनही बातमी खोटी ठरू शकते, ही गोष्ट उद्धरणचिन्हांच्या कोणत्याही पाठाने इतकी स्पष्ट केली नसती.

दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची घडण बदललेली दिसली. आकडे आणि ठिकाणे विचारण्याऐवजी एखादे उत्तर न देण्यामागे नियम आहे, मोहीम आहे की आणखी काही, असे थेट विचारले जाऊ लागले, आणि अधिकाऱ्यांनीही पुष्कळदा कारण सांगितले. अशाच एका प्रश्नावर कर्नल क्षणभर थांबले आणि ते सांगता येत नाही असे नसून आपल्याला ते माहीतच नाही, असे म्हणाले. पहिल्या सत्रात वर्गाने हे बोलणे टाळाटाळ समजून सोडून दिले असते. या वेळी मात्र बहुतेकांनी ते वेळेसह आणि त्यांच्या पदासह वहीत उतरवून घेतले.