इयर डाउन आणि कासेलचे हस्कीज

मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख द्या, अशी नोटीस मेसच्या दारावर लागली तेव्हा मी नेमकी ताट घेऊन रांगेत उभी होते. खाली लिहिलं होतं, 'विषयाचं बंधन नाही.' म्हटलं, बघू तरी खरंच नाहीये का! म्हणून मी लिहितेय आइस हॉकीवर. तीही जर्मनीतल्या, आणि तीही पहिल्या नंबरच्या लीगवर नाही, तर तिच्या खालच्या दुसऱ्या लीगवर. आपल्या आकुर्डी-निगडी पट्ट्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायचा, नाहीतर मुरगळलेल्या पायावर धरायचा. त्यावर पात्याचे बूट घालून पळायचं आणि काठीने रबराची चकती हाणायची, हे मीसुद्धा मोबाईलवरच पाहिलंय. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही नम्र विनंती.)

तर सुरुवात झाली जर्मनच्या क्लासमध्ये. एम.एस.ला जर्मनीला जायचं, हे स्वप्न आपल्याकडे बॅचमधल्या निम्म्या पोरांना पडतं, तसं मलाही पडलं होतं. टीचरनी सांगितलं, एकेका जर्मन शहरावर तीन मिनिटं बोला. सगळ्यांनी बर्लिन आणि म्युनिक पटापट पळवलं. मी वोल्फ्सबुर्ग घेतलं. कारण साधं होतं. आमच्या भागात फोक्सवॅगन म्हणजे गाडी नव्हे, शिफ्टची बस. चाकणची फॅक्टरी ३१ मार्च २००९ ला सुरू झाली, आणि त्या कंपनीचं मूळ गाव वोल्फ्सबुर्ग. योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात वोल्फ्सबुर्गची फुटबॉल टीम जर्मनीची चॅम्पियन झाली. ती टीमही मुळात कामगारांचीच, १९४५ सालची. एवढं तीन मिनिटांना पुरलं असतं. पण वाचता वाचता कळलं की या गावाची आइस हॉकीचीही टीम आहे, ग्रिझलीज नावाची. २००४ मध्ये ती वरच्या लीगमध्ये गेली, २००५ मध्ये खाली आली, २००७ मध्ये परत वर गेली, आणि नंतर २०११, २०१६, २०१७, २०२१ अशी चारदा फायनल हरली. मी थबकले ते 'खाली आली' या शब्दापाशी. जर्मनमध्ये खाली गेलेल्या टीमला 'आब्श्टाइगर' म्हणतात. सायकलवरून किंवा घोड्यावरून उतरतात, त्यालाही क्रियापद तेच. म्हणजे पडला नाही, उतरला.

हे मला तेव्हाच का टोचलं, ते सांगते. कारण महिन्यापूर्वीच रिझल्ट लागला होता. एम-थ्रीने आणि त्याच्या दोन भावंडांनी मिळून माझं इयर डाउन केलं होतं.

ज्यांचं झालंय त्यांना सांगायला नको. ज्यांचं नाही, त्यांना सांगून कळणार नाही. माझी बॅच तिसऱ्या मजल्यावर शिफ्ट झाली, मी दुसऱ्यावर राहिले. नव्या रूममेट्स एक वर्षाने लहान. त्यातली एक लातूरची, अतिशय गुणी मुलगी. ती मला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणते. रूमवर 'ताई' छान वाटतं हो, पण एम-थ्रीच्या लेक्चरला शेजारच्या बाकावरून "ताई, हे लाप्लास कसं आलं?" असं विचारते तेव्हा जमीन दुभंगेल तर बरं वाटतं. कारण ते कसं आलं ते मलाही माहीत नसतं.

असो. मग मी त्या दुसऱ्या लीगच्या मागेच लागले. (अभ्यास सोडून. हो.) लीगचं नाव डी.ई.एल. टू. वरची डी.ई.एल., तिच्याखाली ही. टू या नावाने ती २०१३ मध्ये सुरू झाली, टीम चौदा. यात गावं कुठली? क्रिमिचाऊ नावाचं एक कापडगिरण्यांचं गाव वर्षानुवर्षं या पातळीवर खेळत आलंय. तिथे १९०३-०४ मध्ये गिरणी कामगारांनी दहा तासांच्या दिवसासाठी पाच महिने संप केला होता. वाइसवासर तर काचेच्या कारखान्यांचं इवलंसं गाव. पूर्व जर्मनीच्या काळात सरकारने हॉकीचे बाकीचे क्लब बंद करून दोनच ठेवले, एक बर्लिनचा आणि एक वाइसवासरचा. १९७० ते १९९०, अशी वीस वर्षं या दोनच टीम एकमेकींशी खेळत राहिल्या आणि त्यालाच राष्ट्रीय लीग म्हणत! आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या कॅरम टूर्नामेंटची आठवण झाली. तरी वाइसवासरकडे एकूण पंचवीस राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. आज ते दुसऱ्या लीगमध्ये खेळतात.

पण माझा जीव जडला तो कासेल हस्कीजवर. कासेलजवळ बाउनाटालला फोक्सवॅगनचाच कारखाना आहे, गिअरबॉक्स बनवणारा. गाडीवर नाव वोल्फ्सबुर्गचं झळकतं, गिअरबॉक्सला कोण विचारतो? आम्ही मेकॅनिकलवाले विचारतो, तेही ओरलला विचारलं तर. कासेलची टीम वरच्या लीगमध्ये होती. २०१० मध्ये दिवाळं निघालं आणि लीगने बाहेर काढलं. मग त्यांनी काय केलं? पार खालच्या प्रादेशिक लीगमधून पुन्हा खेळायला सुरुवात केली. २०१४ मध्ये दुसऱ्या लीगपर्यंत आले. २०१६ मध्ये ती जिंकलेसुद्धा! पण तेव्हा वर जायचं दारच बंद होतं. लीग जिंका, कप घ्या, आणि परत तिथेच बसा. ते दार २०२१ मध्ये उघडलं. त्या वर्षी कासेल फायनलला, आणि हरले; जिंकलेला बीटिगहाइम वर गेला. २०२३ ला परत फायनल, परत हरले. २०२४ ला पुन्हा फायनल, समोर रेगेन्सबुर्ग. आता गंमत बघा, रेगेन्सबुर्गने वर जाण्यासाठी अर्जच केलेला नव्हता. म्हणजे कासेल जिंकले असते तर वर गेले असते, आणि वरच्या लीगमध्ये तळाला असलेला आउग्सबुर्ग खाली आला असता. रेगेन्सबुर्ग जिंकलं. वर कोणीच गेलं नाही, आणि स्वतः न खेळता आउग्सबुर्ग वाचला. याला काय म्हणायचं? आमच्याकडे याला ग्रेस मार्क म्हणतात.

आता पप्पांकडे येते. पप्पा मूळचे खडकीचे. खडकी म्हणजे धनराज पिल्लेचं गाव, तिथल्या पोरांनी हॉकी खेळावी अशी रीत. पण पप्पांचं डोकं फुटबॉलचं. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला स्कूटरवर पुढे उभी करून बालेवाडीला पुणे एफ.सी.च्या मॅचला न्यायचे. हा क्लब २००७ चा. २००९ मध्ये आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमधून वर आला आणि वर आल्या आल्या पहिल्याच सीझनला तिसरा! २०१२-१३ ला तर दुसरा. स्टँडमध्ये माणसं मोजकी असायची, पण आरडाओरडा भरपूर. शेंगदाण्याची पुडी संपली की मी झोपायचे आणि गोल झाला की उठायचे.

२०१५ च्या सीझनला पुण्याचे आय-लीगमध्ये दोन क्लब होते, पुणे एफ.सी. आणि कल्याणी ग्रुपचा नवा भारत एफ.सी. शिवाय आय.एस.एल.मध्ये २०१४ पासून एफ.सी. पुणे सिटी होताच. पप्पा म्हणायचे, आता पुणं म्हणजे दुसरं गोवा. त्याच वर्षी पुणे एफ.सी. आणि भारत एफ.सी. दोन्ही थांबले. पुढच्या सीझनला डी.एस.के. शिवाजियन्स आले, दोन सीझन खेळले, २०१७ नंतर तेही नाहीत. आणि २०१९ मध्ये एफ.सी. पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली.

हे सगळं मला तुटक तुटक माहीत होतं. कासेलच्या नादाने मी जुने टेबल उघडले तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मी रात्री दीड वाजता गादीवर उठून बसले. २०१४-१५ मध्ये आय-लीगच्या तळाला होता भारत एफ.सी. पण नियम असा होता की कंपनीच्या जोरावर थेट आत आलेल्या क्लबला खाली पाठवायचं नाही. म्हणून त्यांच्या वरचा डेम्पो खाली गेला. डेम्पो! पाच वेळचे चॅम्पियन! पुढच्या वर्षी, २०१५-१६ ला, तळाला आपले शिवाजियन्स. त्यांनाही तेच संरक्षण. म्हणून त्यांच्या वरचा, मिझोरामचा आयझॉल एफ.सी. खाली गेला. हा आयझॉल आदल्या वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर आलेला. मग गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली, आयझॉलला परत बोलावलं, आणि २०१६-१७ मध्ये, जिथे शिवाजियन्सही खेळत होते त्याच लीगमध्ये, आयझॉल चॅम्पियन झाला! ३० एप्रिल २०१७, शिलाँगला १-१ ड्रॉ करून. कोच होते खालिद जमील, जे पुढे २०२५ मध्ये भारताच्या टीमचे कोच झाले.

म्हणजे आपल्या दोन्ही क्लबांना खाली जाण्याची मुभाच नव्हती. दोघेही खाली गेले नाहीत. दोघेही आज नाहीत.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पप्पा मला न्यायला आले. आम्ही आता राजगुरुनगरला राहतो. माझ्या दहावीनंतर पप्पांची नोकरी चाकणच्या पलीकडे गेली, म्हणून घर हललं आणि म्हणून मी हॉस्टेलला. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे आम्ही अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे टमटममध्ये बारा माणसं. इयर डाउनबद्दल आम्ही तोपर्यंत नीट बोललोच नव्हतो. रिझल्टच्या दिवशी फोनवर मी रडले होते आणि त्यांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं होतं. आता बोलायचं म्हणून मी कासेलचं सांगितलं, आयझॉलचं सांगितलं. आयझॉल त्यांना ठाऊक होता. शिवाजियन्सला संरक्षण होतं, हेही ठाऊक होतं. "तेव्हा मी खुश झालो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, वाचलो."

मग बराच वेळ गप्प. मग समोरच्या कंटेनरकडे बघत म्हणाले, "मी पण ऑपरेटर आहे गं."

मला कळेना. पप्पा सुपरवायझर. माझ्या अॅडमिशन फॉर्मवर मी स्वतः तसं लिहिलंय. मग कळलं. जुन्या कंपनीत ते सुपरवायझर होते. तिथली लाइन बंद झाली, घरी बसायचं किंवा लहान वेंडरकडे मशिनवर उभं राहायचं, असे दोनच रस्ते होते. छत्तेचाळिसाव्या वर्षी ते परत मशिनवर उभे राहिले, सी.एन.सी.वर, पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी. "ती पोरं काका म्हणतात," पप्पा म्हणाले, "आणि ऑफसेट मलाच विचारतात." सुपरवायझरचा जुना शर्ट ते बॅगेत ठेवत आणि घराच्या कोपऱ्यावर येऊन बदलत. आईला माहीत होतं. मला चार वर्षं माहीत नव्हतं. मी चार वर्षं त्या माणसाच्या शर्टाला इस्त्री केली आहे!

मला रडू आलं नाही, हे मुद्दाम नमूद करते. राग आला थोडा. म्हटलं, "मला आधी सांगायचंत ना." ते म्हणाले, "तू पण रिझल्ट दोन दिवस उशिरा सांगितलास." हे खरं होतं.

ट्रॅफिक सुटायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी मोबाईलवर कासेलची टीम शोधली, हस्कीचं चित्र बघून हसले, आणि विचारलं, मॅच कधी असतात यांच्या? मी म्हटलं, बहुतेक शुक्रवारी आणि रविवारी. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळी साडेसातला सुरू झाली की आपल्याकडे रात्रीचे बारा.

"म्हणजे माझी सेकंड शिफ्ट सुटल्यावर," पप्पा म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी माझ्या फोनवर एक मेसेज असतो. शब्द काहीच नाहीत, फक्त स्कोअर. कासेलचा आकडा आधी. आणि त्याच्या खाली, रोजच्यासारखं, एम-थ्रीचे किती युनिट झाले?