संध्याकाळचा एक तास

फैजपूरच्या आमच्या वस्तीत आम्ही सहा जणी रोज संध्याकाळी रिंग टेनिस खेळतो. शाळेत या खेळाला टेनिक्वाईट म्हणतात. हे सांगताना आम्हालाच थोडे हसू येते. कारण आमच्यातली सर्वांत लहान ३६ वर्षांची आहे आणि सर्वांत मोठ्या आक्का दोन नातवंडांच्या आजी आहेत. दोघी केळीच्या पॅकिंगला जातात, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, एक शाळेत पोषण आहार शिजवते, एक घरी शिवणकाम करते आणि एक भाजी विकते. पहाटे पाचला चूल पेटते, ती रात्री दहाला भांडी पालथी घातल्यावरच दिवस संपतो. अशा बायकांना खेळायला वेळ कुठून मिळतो, असे वाचक भगिनी विचारतील. तोच अनुभव येथे सांगावयाचा आहे.

लग्न होऊन या गावात आलो तेव्हा आम्ही कोणाच्या सुना झालो, कोणाच्या वहिनी झालो, पुढे कोणाच्या आई झालो. मैत्रीण मात्र कोणाच्याच उरलो नाही. शेजारी राहत होतो, हळदीला, बारशाला, जयंतीला एकत्र येत होतो. पण एकमेकींच्या मनातले ठाऊक नव्हते. भेटलो तरी बोलणे नळाच्या पाण्याचे, रेशनचे किंवा मुकादमाचे.

चार वर्षांपूर्वी पोषण आहार शिजवणाऱ्या वहिनींच्या मुलीने शाळेतून सरावासाठी रबरी रिंग घरी आणली. अंगणात तिच्याबरोबर खेळायला कोणी नव्हते, म्हणून आईलाच उभे केले. आईने पहिली रिंग पकडली आणि तिला आपली आठवीची शाळा आठवली. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तिसऱ्या दिवशी आक्का आल्या. आठ दिवसांत आम्ही सहा जणी जमलो. अंगण पुरेना, तेव्हा विहारामागच्या मोकळ्या जागेतले दगड वेचले आणि दोन बांबू रोवले. जाळी नव्हती, म्हणून आधी केळीच्या बागेतली सुतळी ताणली. पुढे वर्गणी काढून जाळी आणली. मुलांनी फक्की मारून ४० फूट लांब आणि १८ फूट रुंद असे मैदान आखून दिले.

ज्यांना हा खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जाळी साधारण सहा फूट उंच असते. रिंग जाळीवरून पलीकडे फेकायची आणि पलीकडच्यांनी ती जमिनीवर पडू न देता परत करायची. पकडायची ती एकाच हाताने, अंगाला लागू द्यायची नाही. मुख्य म्हणजे रिंग हातात धरून ठेवता येत नाही. पकडली की लगेच फेकायची, नाहीतर फाऊल. दुहेरीत एका बाजूला दोघी असतात. जोडीदारीण पुढे धावली तर आपण मागची जागा सांभाळायची. तिच्या वाटणीची रिंग हिसकायला गेलो तर दोघींची टक्कर होते आणि रिंग पडते ती पडतेच.

सुरुवातीला बोलणी पुष्कळ खाल्ली. ‘पोरीचं लगीन करायची वेळ आली, आन् आता खेयता काय व माय?’ असे एका म्हाताऱ्या बाईंनी तोंडावर विचारले. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याने पहिले चार महिने अबोला धरला. साडीचा काष्टा मारून खेळावे की पंजाबी ड्रेस घालावा, यावरही गल्लीत चर्चा झाली. आम्ही कोणाशी वाद घातला नाही. घरची कामे टाकून आलो असतो तर बोलणाऱ्यांचे खरे ठरले असते. म्हणून आधी घरात वाटणी केली. एकीचा मुलगा कुकर लावायला शिकला, एकीच्या सासूबाई भाजी निवडू लागल्या. अबोला धरणारे भाऊजी आता सहा वाजले की स्वतः पाण्याची मोटार लावतात. उन्हाळ्यात खानदेशचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा आम्ही खेळाची वेळ सकाळी साडेपाचची करतो. केळीच्या घडाच्या फण्या दिवसभर सोडवून, पाण्यात धुऊन, खोक्यात भरून हात चिकाने काळे पडलेले असतात. त्याच हातांनी रिंग पकडताना शीण कुठे जातो ते कळत नाही.

पण खेळामुळे मैत्री लगेच झाली असे म्हटले तर ते खोटे ठरेल. ती कशी झाली ते सांगताना आमची चूकही सांगावी लागेल.

आमच्यातल्या भाजी विकणाऱ्या ताईंच्या यजमानांचे दीर्घ आजाराने निधन झाले. भाजीच्या धंद्यासाठी त्यांनी बचत गटातून १५,००० रुपयांचे कर्ज घेतले होते, ते सारे दवाखान्यात गेले. तीन हप्ते थकले. गटाच्या कर्जाला सगळ्याच जणी बांधलेल्या असतात, एकीचा हप्ता चुकला की बँक सर्वांना विचारते. त्या महिन्याच्या बैठकीत शिवणकाम करणाऱ्या वहिनी सर्वांसमोर म्हणाल्या, ‘खेळायला वेळ आहे, हप्त्याला पैसे नाहीत.’ मैदानावर या दोघीच एकमेकींच्या जोडीदार होत्या. बाकीच्या आम्ही चौघी तेथेच बसलो होतो. एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताई आल्या नाहीत. वीस दिवस आम्ही पाच जणीच खेळत राहिलो. मैदानावरचा तो कोपरा मोकळा दिसला की कोणाचे लक्ष लागत नसे. एकविसाव्या दिवशी वहिनी रिंग घेऊन ताईंच्या दारात गेल्या. आम्ही थोडे लांब उभ्या होतो. ‘माझ्याजवळ पैसे नाहीत,’ ताई दारातूनच म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, ‘रिंग पकडायला पैसे लागत नाहीत. मी बोलले ते चुकले. माझी मागची बाजू रोज मोकळी पडते.’ ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चपला घालून बाहेर आल्या.

त्याच रात्री आम्ही मैदानावर बसून ठरवले. थकलेले हप्ते पाच जणींनी मिळून भरायचे, ताईंना केळीच्या पॅकिंगला लावून द्यायचे आणि दर आठवड्याला जमेल तेवढे त्यांनी परत करायचे. पैशांचा विषय फक्त रविवारी वही उघडल्यावर निघेल, मैदानावर कोणी काढायचा नाही. आठ महिन्यांत ताईंनी सर्व रक्कम फेडली. आज सकाळी पॅकिंग आणि दुपारनंतर भाजी, असे त्यांचे चालले आहे. आमच्या संघात जाळीजवळ त्यांच्याइतके चपळ कोणी नाही.

ही हकीकत ऐकल्यावर आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने आम्हाला अल्थिया गिब्सनची गोष्ट वाचून दाखवली. टेनिस हा मोठ्या लोकांच्या क्लबातला खेळ. आपल्याकडच्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांच्या आई क्षमाबाई राव संस्कृत पंडिता आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. अशा घरांतून त्या काळी हा खेळ होता. अल्थियाचे घर तसे नव्हते. ती १९२७ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतावर वाट्याने राबणाऱ्या काळ्या कुटुंबात जन्मली. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर लाकडी फळीने टेनिस खेळायला शिकली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला क्लबात घातले. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९५० सालापर्यंत काळ्या खेळाडूला प्रवेश मिळाला नव्हता. तो प्रथम तिला मिळाला.

तरीही दुहेरीसाठी तिला जोडीदार मिळणे कठीण होते. तेव्हा अँजेला बक्स्टन ही इंग्लंडची ज्यू मुलगी तिच्याबरोबर उभी राहिली. ज्यू असल्यामुळे अँजेलालाही क्लबांची दारे बंद झाली होती. आपण ज्या १९५६ सालाला विसरू शकत नाही, त्याच साली या दोघींनी फ्रान्सची आणि विम्बल्डनची दुहेरी स्पर्धा जिंकली. अल्थिया १९५७ आणि १९५८ साली विम्बल्डनची एकेरी विजेतीही झाली. पण त्या काळी या खेळात पैसा नव्हता. १९९० नंतरच्या वर्षांत ती आजारी आणि कफल्लक झाली. औषधाला पैसे उरले नाहीत, तेव्हा तिने अँजेलाला फोन केला. अँजेलाने पैसे पाठवले आणि टेनिसच्या एका नियतकालिकात आवाहन प्रसिद्ध झाले. जगभरातून मदत आली. अल्थिया २००३ साली आणि अँजेला २०२० साली वारली.

गोष्ट संपल्यावर वहिनी आणि ताई एकमेकींकडे बघून हसल्या. आम्हालाही हसू आले, आणि डोळेही पुसावे लागले.

नागपूरला जुलै १९४२ मध्ये झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. भाषणांतून हे आम्ही अनेकदा ऐकले होते. पण बरोबरीची मैत्रीण कशी असते ते आम्ही आधी मैदानावर शिकलो. आपली जागा सोडायची नाही, दुसरीची बळकावायची नाही, आणि ती पडली तर धावायचे. एकमेकींशी असे वागता येऊ लागले, तेव्हा घरातही न भांडता आपले म्हणणे मांडता येऊ लागले.

आम्ही फार मोठे खेळाडू झालो असे कोणी समजू नये. गेल्या वर्षी महिला दिनी शेजारच्या गावच्या शिक्षिकांच्या संघाशी सामना झाला, तो आम्ही १७-२१ असा हरलो. आक्कांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आता बहुधा गुण मोजतात आणि आमच्या चुकांवर मोठ्याने ओरडतात. घरातल्या अडचणी होत्या तशाच आहेत. केळीचा भाव पडला की कामाचे दिवस कमी होतात, मुलांची फी भरावीच लागते. फरक एवढाच, की आता ती काळजी एकट्या एकटीने उराशी धरून रात्र काढावी लागत नाही. संध्याकाळी ती मैदानाच्या कडेला बसून सांगता येते.

भगिनींनो, या खेळाला फार खर्च नाही. एक रबरी रिंग, दोन बांबू, एक दोरी आणि थोडी फक्की, एवढ्यावर सुरुवात होते. जागा वस्तीत सापडते. वेळ मात्र घरात मागून घ्यावा लागतो. तो मागताना सुरुवातीला जीभ अडखळते, आमचीही अडखळली होती. आधी शेजारणीला विचारा. दोघी मिळून मागितला की मिळतो.