खाते कोणी पुसले?

सुलतान बाजारातून कोठीकडे जाताना जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी ज्याचे पाय थबकत नाहीत, तो हैदराबादचा विद्यार्थीच नव्हे! अशाच एका ढिगातून मी 'जँगो'वरचे जाडजूड पुस्तक घासाघीस करून घरी आणले. जँगो म्हणजे पायथॉन भाषेत, डेटाबेसवर चालणारी संकेतस्थळे बांधण्याचा तयार सांगाडा. मी वाणिज्य शाखेचा, त्यातून शाळा मराठी माध्यमाची, पुस्तक १.११ आवृत्तीचे आहे म्हणजे काय, हे विचारणार कोणाला? पुस्तक जुने झाले म्हणून पाढे का बदलतात, अशी मनाची समजूत घातली आणि तीच आवृत्ती घरच्या जुन्या संगणकावर चढवली.

बाबा बाजारातल्या एका कापडदुकानात हिशेब लिहितात. त्यांची उधारीची वही मी संगणकावर उतरवली. एक तक्ता गिऱ्हाइकांचा, दुसरा नोंदींचा. एके दिवशी एका गिऱ्हाइकाचे नाव दोनदा पडलेले दिसले. मी त्यातले एक पुसले. झाले! त्या नावाखालच्या अकरा नोंदीही नाहीशा! आई कलबुर्गीकडची. पडद्याकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "होयतु!" गेले ते गेलेच, हे कन्नडमध्ये इतक्या थोडक्यात सांगता येते, हे मला तेव्हा कळले.

बाबांनी शांतपणे लाल वही उघडली. अकराही नोंदी तिथे होत्या. म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक गेले तरी खाते पुसायचे नसते. कॉलेजात एवढेही शिकवत नाहीत?"

शिकवतात हो! पण यंत्राला ते मी शिकवले नव्हते. १.११ मध्ये वेगळे काही न सांगितल्यास मूळ नोंदीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदीही पुसल्या जात. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० पासून 'मूळ नोंद गेल्यास पुढे काय' हे लिहून देणे सक्तीचे झाले. न लिहिल्यास गाडी सुरूच होत नाही. शिवाय १.११ ची देखभाल एप्रिल २०२० मध्येच संपलेली.

मग मी ५.२ घेतली. एप्रिल २०२५ मधली ही दीर्घ मुदतीची आवृत्ती. सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत. 'पुढे काय' याच्या उत्तरात मी 'प्रोटेक्ट' लिहिले. आता नोंदी असलेले खाते पुसू गेलो की यंत्रच नकार देते.

बाबांना दाखवले. ते हसून म्हणाले, "चला, यंत्राला मुनीमगिरी कळू लागली म्हणायची!"

लाल वही मात्र त्यांनी अजून बंद केलेली नाही.